पाचवा दिवा

१

जुनी तार सोडवताना ताईची एक पद्धत होती. आधी तारेच्या गळ्यात नंबर अडकवायचा, मगच पेच ढिला करायचा. "आधी नाव विचारावं, मग हात धरावा," असं तिचे मामा सांगायचे. आई लवकर गेली, तेव्हापासून मामा-मामींनीच तिला वाढवलं, आणि तिच्या हातात पहिली पक्कडही मामांनीच दिली. आता पन्नाशी जवळ आली तरी नंबर घातल्याशिवाय ती तार सोडत नसे.

त्या दिवशीचं काम होतं शीतगृहातल्या चार नंबरच्या खोलीचं. खोली कसली, गुहाच. शून्याच्या खाली अठरा अंश, आणि गोठवलेल्या भाज्यांची खोकी पार छताला टेकलेली. दार वीतभर जाड, बाजूला सरकणारं, मोटरवर चालणारं. त्या मोटरला हुकूम देणारं यंत्र, ज्याला ड्राइव्ह म्हणतात, ते म्हातारं झालं होतं. ते काढून नवं बसवायचं होतं. मदतीला तिची जाऊ होती. घरात सगळे तिला धाकटी म्हणत, म्हणून कामावरही तेच नाव पडलं होतं. सहा वर्षं दोघी मिळून पॅनेलं जोडत होत्या.

पहिल्या वर्षी धाकटी ड्राइव्हला घाबरायची, तेव्हा ताईने तिला समजावलं होतं. ह्याला दुसरं काही कळत नाही. फक्त हो आणि नाही कळतं. तारेत वीज आली तर हो, नाही आली तर नाही. बाहेरून येणाऱ्या तारा म्हणजे ह्याचे कान, आणि प्रत्येक कानाशी डाळीच्या दाण्याएवढा हिरवा दिवा. तोंडही आहे त्याला. ऐकून झालं की तो उलट निरोप पाठवतो: तयार आहे, चालू आहे, बिघडलंय. "म्हणजे आमच्या ह्यांच्यापेक्षा बरा," धाकटी म्हणाली होती, "ते हो पण म्हणत नाहीत आणि नाही पण."

ह्या दाराला कान पाच. पहिला ऐकायचा, बाहेरचं उघडायचं बटण दाबलं का. दुसरा, बंद करायचं दाबलं का. तिसरा आणि चौथा, दार पुरतं उघडलं का, पुरतं मिटलं का. पाचवा होता आतल्या दोरीचा. खोलीच्या भिंतीलगत, कमरेच्या उंचीवर, दारापासून पार मागच्या भिंतीपर्यंत एक दोरी ताणलेली होती. दोन्ही टोकांना लाकडी मुठी. चुकून कोणी आत कोंडलं गेलं तर जिथे असेल तिथून दोरी ओढायची, दार उघडतं.

ह्या पाचव्याची रीत उलटी. तो दिवा कायम पेटलेला हवा आणि दोरी ओढली की विझायला हवा. मुद्दामच तशी रीत. उंदराने तार कुरतडली, सांधा निसटला, तरी दिवा विझणार आणि दार उघडणार. चूक झालीच तर ती माणसाच्या बाजूने व्हावी.

चार तारांना नंबर घालून ताई पाचव्यापाशी आली आणि थांबली. दोरीकडून येणारी तार तिथे नव्हतीच. कोणीतरी ती काढून, टेप गुंडाळून मागे खोचून दिली होती. तिच्या जागी बोटभर लांबीची एक लाल तार, विजेच्या टोकातून थेट पाचव्या कानात. डायरेक्ट. आत कोणी दोरी ओढून ओढून मेलं असतं तरी दिवा हिरवागार, सगळं ठीक आहे म्हणत राहिला असता.

त्या लाल तारेला नंबर नव्हता. पण तिचं टोक दुहेरी दुमडून, चिमटीत दाबून, किंचित डावीकडे वळवलेलं होतं. असं टोक एकच माणूस करायचा.

नऊ वर्षांपूर्वी मामांनी इथे काम केलं होतं हे ताईला ठाऊक होतं. तेच त्यांचं शेवटचं काम. पण मामांनी आयुष्यात एकदाच तिच्यावर हात उगारला होता, सतराव्या वर्षी, तिने एका मशीनच्या संरक्षक जाळीचा स्विच असाच डायरेक्ट केला म्हणून. आणि इथे हे.

"काय झालं हो ताई?" धाकटीने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि लाल तार काढून खिशात टाकली.

२

नवा ड्राइव्ह बसला. जाड केबल यायला दारावरचं भिंतीतलं जुनं भोक थोडं मोठं करावं लागलं. ते फोमने बुजवणं हे शेवटचं काम, सगळं तपासून झाल्यावरचं. दोरीची तार ताईने पाचव्यात परत जोडली. दिवा लागला. आत जाऊन तिने दाराजवळची मूठ ओढली, दिवा विझला, दार उघडलं. सोडली, लागला. दोघी डबा उघडून जेवायला बसल्या.

दुसऱ्या घासाला दार उघडलं.

धाकटी म्हणाली, आत कोण गेलं? कोणी गेलं नव्हतं. तिथली एक चाल होती. खोलीत जाणाऱ्याने आपल्या चपला काढून दाराबाहेरच्या फळीवर ठेवायच्या आणि तिथलेच रबरी बूट घालायचे. फळीवर चपला दिसल्या म्हणजे आत माणूस आहे. शीतगृहाचा मॅनेजर, ज्याला सगळे पाठीमागे बर्फसाहेब म्हणत, संध्याकाळी कुलूप लावण्याआधी माणसं मोजत नसे, चपला मोजायचा. आणि फळी रिकामी होती.

तासाभरात दार सात वेळा उघडलं. आतली थंडी धुक्यासारखी बाहेर लोळत आली. बर्फसाहेब आला, कपाळाला हात लावून उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता, काळजी करणारा होता. हळू आवाजात म्हणाला, जुनं म्हातारं होतं पण गुणी होतं बाई, नऊ वर्षांत एकदाही असं केलं नाही.

ताईने कोट चढवला, बूट घातले, चपला फळीवर ठेवल्या. तिच्या डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि तिने त्याला पिवळा इन्सुलेशन टेप गुंडाळला होता. धाकटी त्यावरून तिला रोज चिडवायची.

आत पंखे घोंगावत होते. दाराजवळची मूठ निवांत लोंबत होती. दोरी तपासत तपासत ती खोक्यांच्या दोन भिंतींमधून मागे गेली. दुसरी मूठ अगदी शेवटी, कोपऱ्यात होती. तीही निवांत. वरचं खोकं, त्याची चिकटपट्टी, भिंतीचा पत्रा, सगळ्यावर हिमाचा पांढरा थर.

मुठीवर नव्हता.

ताईने हातमोजा काढून तिला बोट लावलं. मूठ कोमट होती. आत्ताच कोणी सोडावी तशी.

३

तिने स्वतःची समजूत घातली. लाकूड उष्णता धरून ठेवतं. पंख्याची मोटर वर आहे, तिची ऊब येत असेल. मग तिने कामाला हात घातला, कारण हात चालले की डोकं गप्प बसतं. दोरीचा स्विच बदलला. दिवा विझतच राहिला. लांब केबलमध्ये शेजारच्या तारांची वीज झिरपते, कधी सांधा ओला होतो, म्हणून सबंध केबलच नवी ओढली. तरी तेच. स्विचपाशी मीटर लावून धाकटीला पॅनेलशी उभं केलं. इकडे काटा पडला की तिकडे दिवा विझायचा, अगदी एका वेळी. म्हणजे ड्राइव्ह खोटं बोलत नव्हता. दोरी ओढली जात होती.

दार सारखं उघडू नये म्हणून तिने खटका 'आपोआप' वरून 'हाताने' वर केला. आता दोरी ओढली तर नुसता दिवा विझेल, दार मात्र बाहेरचं बटण दाबल्याशिवाय हलणार नाही. दोघी स्टुलांवर बसून त्या हिरव्या दाण्याकडे बघत राहिल्या.

"हे बघा," धाकटी म्हणाली. "उचकी लागल्यासारखं करतोय. तीन छोट्या, एक मोठी."

ताईने पाहिलं. दिवा विझला, लागला. विझला, लागला. विझला, लागला. मग विझला, आणि बराच वेळ विझलेलाच राहिला.

ती स्टुलावरून उठली.

नळीतून तार ओढायची तर दोन माणसं लागतात, एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला, मधे भिंती आणि मजले. एकमेकांना दिसत नाही, ऐकू येत नाही. मग तारेलाच हिसके द्यायचे. प्रत्येक जोडीच्या खुणा वेगळ्या. मामांची आणि तिची खूण होती तीन छोटे, एक लांब. मी इथे आहे, ओढ. दहा वर्षांची असताना एका अंधाऱ्या तळघरात ती रडायला लागली होती, तेव्हा वरच्या मजल्यावरून मामांनी तारेतून पाठवलेली ही खूण. पुढे त्यांच्या घरात ती बोटांनी टेबलावर वाजायची, दारावर वाजायची. मोठ्यांचं बोलणं लांबलं की मामा तिच्या पाठीवर वाजवायचे.

हे सगळं तिने धाकटीला सांगितलं नाही. खूण मात्र सांगितली.

"तुमच्या मामांनी इथे येऊन ड्राइव्हला शिकवली वाटतं," धाकटी हसून म्हणाली. ताई हसली नाही.

४

संध्याकाळी ताई मामांकडे गेली. ते नेहमीच्या जागी होते, पश्चिमेच्या खिडकीत, उन्हाचा शेवटचा तुकडा मांडीवर घेऊन. नऊ वर्षं त्यांची हीच बैठक. दिवसभर ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवायची.

शीतगृहाच्या त्या कामावरून मामा परत आले ते दोन दिवस अंथरुणाला खिळले, आणि उठले ते हत्यारांना परत शिवलेच नाहीत. थंडी हाडात बसली, असं घरातल्यांनी ठरवलं. वयही झालं होतंच. आधीचे मामा म्हणजे सुतळी बॉम्ब. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचे, आणि पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात जाऊन मामीची नक्कल करून तिला हसवायचे. आता ते सगळं मुकाट खायचे. कोणाला दुखवायचे नाहीत. कोणाला हसवायचेही नाहीत.

"थंडी मानवली म्हणायची," मामी नेहमीसारखी म्हणाली. "चाळीस वर्षं जे मला जमलं नाही ते त्या बर्फाने केलं." पण म्हणताना तिने मामांकडे पाहिलं नाही. ताईच्या मनात आलं, मामी हे नऊ वर्षं म्हणतेय, आणि एकदाही त्यांच्याकडे बघून नाही.

चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. ताईने कुठे काम चालू आहे ते सांगितलंच नाही. कप खाली ठेवताना तिने सहज केल्यासारखं टेबलावर बोट वाजवलं. तीन छोटे, एक लांब.

मामांनी तिच्या बोटाकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे. पाहुण्याच्या मुलाने काही चाळा केला की आपण पाहतो तसं, सौजन्याने.

तिने परत वाजवलं.

"माशी आहे का?" मामांनी विचारलं.

ती उठली. पाया पडायला वाकली तेव्हा मामांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. दिवसभर उन्हात बसलेल्या माणसाचा हात, आणि गार. माठाला हात लावावा तसा.

"ती लाल तार परत लाव," ते म्हणाले. आवाज त्यांचाच, शांत, समजूतदार. "लावलीस की सगळं ठीक होतं."

५

रात्रभर ताई त्या एका तारेचा विचार करत राहिली. लावायची म्हटली तर अर्ध्या मिनिटाचं काम. बर्फसाहेबही सकाळी तेच म्हणाला. दुपारी माल यायचा आहे, तात्पुरतं काय ते डायरेक्ट करून द्या बाई, पुढचं पुढे बघू. सगळं जग एका बोटभर तारेवर अडून बसलं होतं, आणि ती तार तिच्या खिशात होती.

म्हातारा माणूस विसरतो, ती स्वतःला सांगत होती. खुणा विसरतो. भाचीच्या खिशातून लाल तार डोकावत असेल, ती त्याला दिसली असेल. पण तिने खिसा पाहिला. तार तळाशी होती, रुमालाखाली.

आणि मग दुसरा विचार यायचा, जो तिने पुरता कधी करूच दिला नाही. खिडकीतला तो माणूस खूण विसरलेला असेल. पण मग खूण लक्षात असलेला कोण आहे?

"मला जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास द्या," ती बर्फसाहेबाला म्हणाली. "काही सापडलं नाही तर मी स्वतः डायरेक्ट करून देते."

धाकटीला हे पसंत नव्हतं. ती म्हणाली, मी पण येते. ताई म्हणाली, मग बटण कोण दाबेल, माझा दीर? खटका 'हाताने' वरच ठेवायचा होता, कारण दार उघडलं की दिव्याचं विझणं थांबायचं. दार मिटलेलं असतानाच ते चालायचं.

"तू पॅनेलपासून हलायचं नाहीस," ताईने बजावलं. "तीन छोटे, एक लांब दिसले की मीच आहे असं समज आणि दार उघड. वीस मिनिटं झाली तर न दिसताही उघड."

"आणि तुमच्या मामांच्या ड्राइव्हनेच उचकी दिली तर?"

"तरी उघड," ताई म्हणाली.

तिने चपला फळीवर ठेवल्या, पिवळ्या पट्टीची बाहेरच्या बाजूला. लाल तार खिशातून काढून पॅनेलच्या तळाशी ठेवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. ती आपल्याबरोबर आत नको, एवढंच वाटलं.

६

दार मिटलं तसे बाहेरचे आवाज कापल्यासारखे थांबले. दाराला तळहाताएवढी काच होती. तिच्यातून धाकटीचं नाक आणि एक डोळा दिसत होता. ताईने हात केला. धाकटीने हात केला आणि ती पॅनेलकडे सरली.

ताई दोरीवर नजर ठेवून उभी राहिली. दाराजवळची मूठ हलत नव्हती. पण दोरी हलली. थरथरली, जशी गळाची दोरी मासा नुसता हुंगून जातो तेव्हा थरथरते. ओढ मागून येत होती.

तिने हातमोज्यातून दोरी धरली आणि धरूनच खोक्यांमधून चालू लागली. बोटांमध्ये दोरी आखडायची, सैल पडायची. तीन छोटे. एक लांब. पुढे छतावरचा एक दिवा गेलेला होता, त्याच्यापलीकडे अर्धा अंधार होता. ती थांबली. आणि लहानपणी तळघरात केलं होतं तसंच, रडू आवरत, तिने दोरीला हिसके दिले. तीन छोटे, एक लांब.

दोरी क्षणभर स्तब्ध राहिली. मग घाईघाईने, जवळजवळ आनंदाने, उत्तर आलं. तीन छोटे, एक लांब. तीन छोटे, एक लांब. तीन छोटे, एक लांब.

"मामा?" ती म्हणाली. तोंडातून वाफ निघाली आणि पंख्यांनी ती पळवली.

ती शेवटच्या कोपऱ्यात पोचली. तिथे कोणी नव्हतं. मूठ ताणलेली होती आणि कोणी नव्हतं. मग हळूहळू, जपून, कोणी झोपलेल्याचा हात सोडावा तशी ती सैल झाली.

त्याच वेळी मागे मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. दार सरकलं. जमिनीवर बाहेरच्या उजेडाची पट्टी पडली, मधे एक सावली आली, गेली. दार परत सरकलं. पट्टी बारीक होत होत मिटली.

वीस मिनिटं झाली नव्हती. ताईने घड्याळ पाहिलं. सहाच मिनिटं झाली होती.

७

ती पळत दाराशी आली. काचेतून धाकटी दिसली. तिच्यासमोर कोणीतरी उभं होतं, काचेला पाठ करून, ताईसारखाच कोट घातलेलं. ते वाकून रबरी बूट काढत होतं. मग त्याने फळीवरच्या चपला घेतल्या आणि पायात घातल्या. डाव्या पायात पिवळी पट्टी.

ताईने काचेवर मूठ आपटली. वीतभर जाड दारावर मुठीचा काय आवाज होणार. पाठमोरं माणूस एक पाऊल मागे आलं आणि काच झाकली गेली.

तेव्हा तिला भोक आठवलं. दारावरचं, केबलचं, अजून न बुजवलेलं. तिने एक खोकं ओढलं, त्यावर दुसरं चढवलं, त्यावर उभी राहिली आणि भोकाशी कान नेला. बाहेरचं बोलणं नळीतून यावं तसं आलं.

"...काचेतून हात केलात म्हणून उघडलं," धाकटी म्हणत होती. "घाबरलेच मी. सापडलं का काही?"

"काही नाही," कोणीतरी म्हणालं.

आपला आवाज आपल्याला बाहेरून ऐकायची सवय नसते. ताईला आधी वाटलं, ही कोण? शांत, समजूतदार, थोडी दमलेली. मग तिला कळलं.

ती भोकात तोंड घालून ओरडली. धाकटीचं नाव घेऊन ओरडली, जे घरात वर्षानुवर्षं कोणी घेतलं नव्हतं. बाहेर बोलणं थांबलं.

"पंखा किंचाळतो का हो आत?"

"तेल हवंय त्याला."

ताईने तसंच, खोक्यावरून वाकून, भिंतीलगतची दोरी पकडली आणि ओढली. तीन छोटे. एक लांब. परत. परत.

"ताई," बाहेर धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता. "पाचवा परत विझतोय. तीन छोटे, एक लांब. तुम्ही तर इथे आहात."

"जुनी केबल आहे. वीज झिरपते."

"काल तर आपण नवी ओढली."

 मग ताईला एक आवाज ऐकू आला. पॅनेलच्या पत्र्यावर कोणीतरी नखाने वाजवलं, सहज केल्यासारखं. टक टक टक. आणि एक लांब ओरखडा.

हुशार पोर, ताई मनात म्हणाली. बघ तिच्याकडे. नीट बघ.

उलट खूण कोणी वाजवली नाही.

"ती लाल तार दे लावून," तिचा आवाज म्हणाला. "लावलीस की सगळं ठीक होतं."

धाकटी किती वेळ उभी राहिली, कोण जाणे. ताईने मनगटावरचं घड्याळ पाहिलं नाही. सहा वर्षं धाकटीने तिचा प्रत्येक शब्द ऐकला होता. ताईनेच शिकवलं होतं तिला, कामावर एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, वाद घरी जाऊन.

"बरं," धाकटी म्हणाली.

स्क्रूड्रायव्हर फिरल्याचा आवाज आला. चार फेरे. पेच घट्ट झाला की शेवटी बारीक करकरतो, तसा करकरला. आता दोरी कितीही ओढली तरी पाचवा दिवा पेटलेलाच राहणार होता, हिरवागार.

मग कोणीतरी फोमचा डबा हलवला. आतली गोळी खडखडली. भोकातून फुस्स असा आवाज आला आणि पिवळसर फोम फुगत, फुगत आत आला. ताईच्या गालाला लागला. तिने बोटांनी उकरून पाहिलं. तो चिकट होता, मऊ होता, आणि बघता बघता दगड झाला. शेवटचं काम. सगळं तपासून झाल्यावरचं.

८

आतल्या दिव्यांचं बटण बाहेर होतं. ते कोणीतरी बंद केलं.

ताई खोक्यांवरून खाली उतरली, चाचपडत. फळीवर चपला नव्हत्या, म्हणजे आत कोणी नव्हतं. दुपारी माल येईल तेव्हा दार उघडेल, ती स्वतःला सांगत होती. लोक येतील, दिवे लागतील. पण नऊ वर्षांत हे दार हजारदा उघडलं होतं, दिवे हजारदा लागले होते, आणि हमालांना इथे खोक्यांशिवाय काही दिसलं नव्हतं. आज मागच्या कोपऱ्यात तिलाही दिसलं नव्हतं.

धाकटीला कळेल, तिला वाटलं. आज ना उद्या कळेल. नंबर घालण्याआधीच एखादी तार सोडली जाईल, पिवळ्या पट्टीवरून चिडवलं तर कोणी चिडणार नाही, आणि एखाद्या संध्याकाळी धाकटी टेबलावर परत बोट वाजवून पाहील. कळेल तिला. पोर हुशार आहे.

मामांचं कळायला ताईला नऊ वर्षं लागली होती.

पंखे घोंगावत होते. तिच्या पायांना आता थंडी जाणवत नव्हती, आणि ते बरं नव्हे एवढं तिला माहीत होतं. तिने भिंत धरून दाराजवळची मूठ शोधली. दिवा विझणार नाही हे ठाऊक असूनही शोधली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि हात चालले की डोकं गप्प बसतं.

मूठ कोमट होती. तिच्यावर आधीच कोणाची तरी बोटं होती, जाड, पक्कड धरून घट्टे पडलेली. ती दचकली नाहीत. किंचित वर सरकली, आणि तिच्या हाताला जागा करून दिली.